फुंकर अर्ध्यावर थांबते

१४ एप्रिल १९०३
मी काही लिहिणारा माणूस नाही. पण आज जे झालं ते माझी बायको ओडील आठवड्यात विसरेल आणि तिचा भाऊ झेनोब मुद्दाम विसरेल, म्हणून मीच लिहून ठेवतो.

थॅडियस पेलचं पत्र आलं. मला. लांबेर दुशेन, मुक्काम हार्लो, इंडियाना. ज्याचे दिवे आणि पंप निम्म्या अमेरिकेत चालतात, तो पेल. पोस्टमास्तर स्वतः दारात पाकीट घेऊन आला आणि देऊन झाल्यावरही हलेना, शेवटी त्याला कॉफी पाजावी लागली. इंग्रजी मला बोलता येतं, वाचताना अडखळतो, म्हणून आमच्या पोराने, बाझीलने, मोठ्याने वाचलं. एकोणीस वर्षांचा घोडा झालाय, पण वाचताना त्याचा आवाज कापत होता.

पेल लिहितो, "माझ्या माणसांनी देशभरच्या खिडक्यांच्या काचा तपासल्या. सगळ्यांत एकसारख्या आणि निर्मळ निघाल्या त्या तुमच्या हातच्या. अशी कला माणसाबरोबर नाहीशी होऊ नये. ती कायमची जपण्याच्या कामी या उन्हाळ्यात तुम्ही सहा आठवडे माझे पाहुणे व्हाल, तर तो मी माझा सन्मान समजेन." खाली सही.

ओडीलने जिभेला बोट लावून सहीच्या शेपटावर टेकवलं. शाई पसरली.
"छापलेली नाही," ती म्हणाली. "खरी आहे."
"अगं बाई, डाग पाडलास ना!"
"मग काय झालं? खरं आहे की नाही ते कळलं."

पंधरा वर्षं या गावात काच फुंकतोय. कारखान्याच्या मालकाने अजून एकदा नीट गुड मॉर्निंग म्हटलेलं नाही. मला आज रडू आलं, ते लपवायला परसात गेलो.

१६ एप्रिल
पत्र गुत्त्यात नेलं. गुत्तेवाल्याने ते फ्रेम करून भिंतीवर लावायला मागितलं. मी दिलं. सगळ्यांनी माझ्यासाठी बिअर मागवली, झेनोब सोडून.

झेनोब माझा मेव्हणा आणि माझा जोडीदार. भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन तो मला देतो. मी फळीवर उभा राहतो, नळी खालच्या खड्ड्यात झोके देत फुंकतो आणि त्या गोळ्याचा माणसाएवढा लांब नळा करतो. मग तो नळा चिरून, तापवून, सपाट केला की खिडकीची काच होते. झेनोबशिवाय मी अर्धा आहे, हे त्याला फार चांगलं माहीत आहे.

"फुंकर कारखान्याच्या दाराबाहेर जात नाही," तो म्हणाला. ही आमच्याकडची जुनी म्हण. बेल्जियममधल्या आमच्या आजोबांपासून चालत आलेली. शिकवायचं ते फक्त मुलाला, भावाला, पुतण्याला. परक्याने पाहायला मागितलं तर भट्टीकडे पाठ करून उभं राहायचं.
"अरे, तो शिकायला थोडाच येतोय? तो जपून ठेवणार आहे."
"कशात? बरणीत?"
सगळे हसले. मग झेनोबने नेहमीचं अस्त्र काढलं. "आणि त्याला सांगितलंस का, तुला मध्येच उचकी लागते ते? नळा अर्ध्यावर आला की आमचे लांबेर महाराज थांबतात. जपून ठेवायची कला म्हणे!"

ही चेष्टा बारा वर्षं चालली आहे. मी अर्ध्यावर क्षणभर थांबतो हे खरं आहे. का थांबतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहीत नाही.

३ मे
गावातला नैसर्गिक वायू संपत आलाय, असं सगळेच म्हणतात. वायू होता म्हणून इथे भट्ट्या आल्या. ज्योत आता संध्याकाळी पिवळी पडते. सप्टेंबरात बाझीलची शिकाऊ म्हणून पाळी आहे. फुंकणाऱ्यांचा संघ वर्षाला दोनच पोरं घेतो, त्यांत त्याचं नाव लागायला तीन वर्षं गेली. आणि तोवर भट्टीच बंद पडली तर?

म्हणून मी जाणार. पेलकडे बाझीलसाठी शब्द मागणार. ओडीलला सांगितलं तर ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "तू बाझीलसाठी जात नाहीयेस, लांबेर. तुला कुणीतरी चांगलं म्हणलंय म्हणून जातोयस."
बायको असावी तर अशी. माणसाला सुखाने फुगूही देत नाही.

२७ जून
भट्टी विझली. उन्हाळ्यात त्या उष्णतेत कुणी फुंकू शकत नाही, दोन महिने सुट्टी. रिवाजाप्रमाणे शेवटच्या काचेतून प्रत्येकाने एकेक काठी केली आणि काचेच्या काठ्या खांद्यावर घेऊन आम्ही चर्चपर्यंत मिरवणूक काढली. मी सगळ्यांत पुढे होतो. झेनोबने काठी केली नाही, म्हणाला हात दुखतो.

पण संध्याकाळी तोच टोपली घेऊन आला. त्याचं कबुतरांचं वेड गावभर प्रसिद्ध आहे. टोपलीत दोन होती.
"पांढरं सोडलंस तर समजेन सगळं ठीक आहे. काही वावगं दिसलं तर करडं सोड. मी येतो तुला न्यायला."
"मी काय तुरुंगात चाललोय?"
"दाणा दोन वेळा घाल. पाणी बदलत जा," एवढंच बोलून तो गेला.

७ जुलै, पेलचा कारखाना, ओहायो
मला पाहुण्यांच्या घरात ठेवलंय. पलंग इतका मऊ की पाठ धरली. सकाळी पेल स्वतः आला. सत्तरीचा, बुटका, कानाने कमी ऐकणारा, बाहीवर शाईचे डाग. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि तळव्यांवरचे भाजल्याचे चट्टे बघत राहिला.
"हे हात मला फार पूर्वी भेटायला हवे होते," तो म्हणाला.
असं मला माझा बापही कधी बोलला नाही. दुपारी पांढरं कबुतर सोडलं. छपरावरून एक फेरी मारून ते पश्चिमेला गेलं.

१२ जुलै
माझ्यासाठी एक भट्टी पेटवली आहे, खड्डा खणलाय, फळीही आमच्यासारखीच. माझ्या नळीला त्यांनी रबराची बारीक नळी जोडली आहे. ती जाते एका फिरत्या पिंपाकडे. त्यावर कागद गुंडाळलेला, आणि एक सुई. मी फुंकलं की सुई हलते आणि कागदावर रेघ उमटते. जोरात फुंकलं की रेघ चढते, हळू फुंकलं की उतरते.

ॲश नावाचा तरुण इंजिनियर हे सगळं पाहतो. स्वभावाने गोड पोरगा आहे, सारखं "मिस्टर दुशेन, सर" करतो. म्हणाला, हे तुमच्या श्वासाचं चित्र आहे. लोक चेहऱ्याचे फोटो काढतात, इथे माझ्या श्वासाचा निघतोय! झेनोबला सांगायला हवं, बरणीत नाही रे गाढवा, कागदावर.

२१ जुलै
आज ॲशने कागद माझ्यापुढे पसरला. रेघ चढत गेलेली, आणि मध्यावर एक सपाट जागा. प्रत्येक कागदावर, त्याच जागी.
"सर, इथे तुम्ही काय करता?"
"काही नाही. सवय."
"एकदा न थांबता फुंकाल?"

प्रयत्न केला. नळा वरच्या गोलाईशी पातळ झाला आणि तडकला. पुन्हा केला, पुन्हा तडकला. तिसऱ्यांदा माझा श्वास आपोआप थांबला आणि नळा स्वच्छ निघाला. ॲशने पेलला बोलावलं. दोघं त्या सपाट जागेवर बोट ठेवून कितीतरी वेळ कुजबुजत होते. पेल इतका खूश झाला की त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली.

मला बरं वाटलं नाही. जेवलो नाही. लिहूनच टाकतो, नाहीतर छाती फुटेल.

शेजारच्या फळीवर माझा धाकटा भाऊ गास्पार असायचा. नळा अर्ध्यावर आला की झोका मोठा होतो, तेव्हा एकदा उजवीकडे पाहून घ्यायचं असतं, शेजाऱ्याचा नळा आपल्यावर आदळू नये म्हणून. आम्ही दोघं एकाच वेळी एकमेकांकडे बघायचो. तो डोळा मारायचा. बारा वर्षांपूर्वी मी असंच पाहिलं आणि फळी रिकामी होती. तो खाली खड्ड्यात होता, त्याच्याच गरम काचेवर. दोन दिवस जगला. तेव्हापासून नळा अर्ध्यावर आला की मी उजवीकडे बघतो आणि मनात त्याचं नाव घेतो. आता त्या फळीवर दुसराच कुणी असतो. तरी घेतो.

त्या थांबण्याने काच चांगली होते हे मला माहीत नव्हतं. आज कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं का वाटतंय कोण जाणे.

१४ ऑगस्ट
शेवटचा दिवस. पेलने जेवायला बोलावलं. मी धीर करून बाझीलचं काढलं.
त्याने कानामागे हात धरून नीट ऐकून घेतलं. "तुमचा मुलगा? मी काच करतोय तोवर त्याला माझ्याकडे जागा आहे. हा शब्द समजा."
"लिहून द्याल?"
तो हसला. "वेळ आली की सहीनिशी येईल."

निघताना ॲशने एक कागद गुंडाळून भेट दिला, माझ्याच फुंकरीचा. मी त्याला विचारलं, हे सगळे कागद कुठे ठेवणार? म्हणाला, "अगदी सुरक्षित राहतील, सर." पण बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. लाजाळू आहे पोरगा.

करडं कबुतर टोपलीतून तसंच परत आणलं. ओहायोचा गहू खाऊन चांगलं लठ्ठ झालंय.

९ सप्टेंबर
भट्टी पेटली. बाझील माझ्या शेजारी उभा राहिला. पहिल्या दिवशी सगळे करतात तेच त्यानेही केलं, ओठ भाजून घेतले. ओडीलने लोणी लावलं आणि मला शिव्या दिल्या. गुत्त्यात पत्राशेजारी माझ्या श्वासाचा कागदही टांगला. झेनोब त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता.

४ डिसेंबर
खोकला फार. अंगात ताप असूनही पाळी केली. वायूचा दाब आज दोनदा बसला.

१८ फेब्रुवारी १९०४
बातमी अशी की रेल्वेपलीकडची मोकळी जमीन पेलने घेतली आहे. मोठी शेड उभी राहतेय, कोळशाची भट्टी येणार, वायूची गरजच नाही! झेनोबला म्हटलं, "बघ. कुणामुळे येतोय तो इथे? गावाला तारणार आहे तो."
"एवढी उंच शेड कशाला रे?" तो म्हणाला. "आपल्याला एवढी उंची लागत नाही."
याला सोन्याचं ताट दिलं तरी हा आधी कल्हई तपासेल.

२९ एप्रिल
पेलच्या माणसांनी पुढच्या आठवड्यात सगळ्या फुंकणाऱ्यांना शेड पाहायला बोलावलंय, बायकामुलांसह. मला वेगळं कार्ड आहे, मानाच्या खुर्चीचं. ओडीलने माझा कोट इस्त्री केला.

६ मे
शेड पाहून आलो.

शेडमध्ये मधोमध एक मोठं मडकं होतं, वितळलेल्या काचेने भरलेलं. वरून एक लोखंडी तोंड खाली आलं, काचेला लागलं आणि वर जाऊ लागलं. त्याच्यामागे काच वर चढत गेली. खालून हवेचा आवाज येत होता, कुणीतरी दमाने फुंकतंय असा. नळा माणसाएवढा झाला, दोन माणसांएवढा झाला. तरी थांबेना. आम्ही माना वर करून बघत होतो. चर्चमध्येही आम्ही इतके गप्प नसतो.

मग अर्ध्यावर हवेचा आवाज थांबला. श्वासभर. आणि पुन्हा सुरू झाला.

माझ्या शेजारी झेनोब होता. आवाज थांबला तेव्हा त्याचा उजवा पाय अर्धं पाऊल पुढे गेला. बारा वर्षं तो तसाच पुढे जातो. मी थांबलो की तो पुढचा गोळा घेऊन एक पाऊल टाकतो, ती त्याची खूण. पाय पुढे गेला आणि त्याने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

लोखंडी तोंड पुन्हा खाली आलं. दुसरा नळा. पुन्हा अर्ध्यावर तीच थांबण्याची जागा. आता सगळ्यांना कळलं होतं. बारा वर्षं माझ्या उचकीवर हसणारी माणसं, एकेक जण टोपी घालून बाहेर पडला. मी मानाच्या खुर्चीत बसून राहिलो.

ॲश आला. म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. "सर, आम्ही ती जागा काढून पाहिली होती. नळा दर वेळी तडकायचा. का ते कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून राहू दिली."
मी म्हटलं, "चांगलं केलंत."

८ मे
गुत्त्यात गेलो. भिंतीवर दोन चौकोन उरलेत, आजूबाजूच्या धुरकट रंगापेक्षा उजळ. पत्र आणि कागद गुत्तेवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरखाली ठेवले होते. ते माझ्या हातात दिले.

झेनोब बाहेर बाकावर बसला होता. मी जवळ बसलो. तो उठून गेला नाही, हेच खूप.
"तुला ठाऊक नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगतोय," तो म्हणाला. "कुणी ऐकत नाही."
"झेनोब..."
"करडं सोडायला हवं होतंस, लांबेर. नुसतं सोडायचं होतंस रे. मी आलो असतो."
त्याला रडताना मी गास्पारच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आज.

२५ जून
भट्टी विझली. काठ्या कुणी केल्या नाहीत. मिरवणूकही निघाली नाही. मालकाने सांगितलं, सप्टेंबरचं बघू. त्याचा चेहरा बघून सगळं समजलं.

११ सप्टेंबर
भट्टी पेटली नाही. झेनोब आणि आणखी चार कुटुंबं वेस्ट व्हर्जिनियाला जाताहेत, तिथे म्हणे अजून हाताने फुंकतात. किती दिवस, ते देव जाणे. झेनोबने कबुतरं विकून टाकली. करडं मात्र आमच्या परसात पिंजऱ्यासकट ठेवून गेला.
ओडील भावाला निरोप द्यायला स्टेशनवर गेली. मी घरीच थांबलो. मला बघून इतरांनी तोंड फिरवलं असतं आणि ते तिला बघावं लागलं असतं.

२ ऑक्टोबर
पत्र आलं. तोच कागद, तीच सही. पेल लिहितो, दिलेला शब्द पाळताना आनंद होतो आहे, श्री. बाझील दुशेन यांना हार्लोच्या नव्या कारखान्यात यंत्राच्या हवेच्या झडपेवर नेमलं आहे.
ओडीलने या वेळी शाई तपासली नाही. पत्र टेबलावर ठेवलं आणि सूप ढवळायला लागली.
"जाऊ नको म्हणालास तर जाणार नाही, बाबा," बाझील म्हणाला.
गावात दुसरं काम नाही. माझ्या छातीत अर्धी हवा उरली आहे. म्हटलं, "जा."

संताप कुणावर करू? माणूस खोटं बोललाच नाही. जपून ठेवतो म्हणाला होता, ठेवलं. मुलाला जागा देतो म्हणाला होता, दिली. त्याने मला फसवलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

२० नोव्हेंबर
खोकल्यातून रक्त. डॉक्टर उगीच हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

बाझील पाळी संपवून आला तो माझ्या खाटेवर बसला. हात स्वच्छ, एकही चट्टा नाही. फुंकणाऱ्याच्या पोराचे असे हात मी कधी पाहिले नव्हते.
"बाबा, एक विचारू? नळा अर्ध्यावर आला की मला झडप बंद करावी लागते. क्षणभर. मग पुन्हा उघडायची. मी ॲशसाहेबांना विचारलं का, तर म्हणाले, तुझ्या वडिलांना विचार."
मी उठून बसलो. ओडील दारात उभी होती, तिलाही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच सांगितलं. गास्पारची फळी, उजवीकडे बघणं, डोळा मारणं, रिकामी फळी. सगळं. पोरगा ऐकत राहिला. ओडीलने एप्रन तोंडाला लावला.

"मग नळा अर्ध्यावर आला की मी काय करू?" त्याने विचारलं.
"झडप बंद कर. काकाचं नाव घे. मग उघड."
"तिथे इतका आवाज असतो बाबा, माझं मलाच ऐकू येणार नाही."
"माझ्या तोंडात नळी असायची," मी म्हटलं. "मी तरी कुठे मोठ्याने घेत होतो?"